एन-३० लहान दिसली? आधी हाताकडे बघा

हाताची संवेदना मेंदूपर्यंत कशी पोचते हे बघायची ही चाचणी (एसईपी). मनगटावर मीडियन नर्व्हला (हाताची एक मुख्य नस) विजेचे झटके द्यायचे आणि डोक्यावरून प्रतिसाद टिपायचा. एन-२०, एन-३० ही त्यातल्या लहरींची नावं, झटक्यानंतर साधारण तितक्या मिलिसेकंदांनी येतात म्हणून. इलेक्ट्रोडचा अवरोध ५ किलोओहमच्या खाली, झटका ०.२ मिलिसेकंदाचा, तीव्रता अंगठा जेमतेम उडेल इतकी, निदान ५०० झटक्यांची सरासरी, मग तीच नोंद पुन्हा एकदा. एवढं कुणीही शिकवतं.

पार्किन्सन्समध्ये डोक्याच्या पुढच्या भागावरची एन-३० लहान होते, हे वाचून आलेला नवखा लहान लहर दिसली की खूश होतो. थांबा! हात हलत असला की मेंदू त्याच हाताची संवेदना दाबतो. त्यात एन-३० आक्रसते, एन-२० बरीचशी टिकते. म्हणजे निव्वळ थरथरीमुळेही अगदी तसंच चित्र उमटतं, आणि सरासरी काढून झाल्यावर दोन्ही वेगळं करता येत नाही.

म्हणून कोपर ते मनगट या भागातल्या आकुंचक आणि प्रसारक स्नायूंवर ईएमजी (स्नायूंच्या विजेची नोंद) लावाच. हात कोपरापासून बोटांपर्यंत उशीवर टेकवा. ‘आराम करा’ म्हणून भागत नाही, पार्किन्सन्सचा कंप विश्रांतीतच येतो. जागं ठेवायला आकडेमोड करायला लावलीत तर आणखी वाढतो. त्यापेक्षा आवाज बंद केलेली चित्रफीत बरी. नंतर शांत आणि थरथरते झटके वेगळे काढा. निम्मे गेले तरी घाबरू नका, जास्तीचे घेऊन ठेवा.

झटक्यांचा वेग सेकंदाला बरोबर २ ठेवू नका. ५० हर्ट्झ त्याच्या पटीत बसतो आणि विजेची गुणगुण सरासरीत जमा होते. कंपही ४ ते ६ हर्ट्झचा, तोही तसाच जुळून बसू शकतो. झटक्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त ठेवा. वेळ वाचवायला ५ वर गेलात तर एन-३० वेगामुळेच घटते. ‘नॉच फिल्टर (५० हर्ट्झ गाळून टाकणारा) लाव, साफ होईल’ सांगणाऱ्या वरिष्ठांचं नम्रपणे ऐका आणि लावू नका: झटक्याच्या खुणेमागे तो खोट्या लहरी उमटवतो.

‘ऑफ’ नोंद, म्हणजे औषधाचा असर नसतानाची, लेव्होडोपाच्या (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. डोपामिनची नक्कल करणाऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या डोपामिन अ‍ॅगोनिस्टना जास्त वेळ लागतो. औषध थांबवायचं की नाही हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. ‘ऑन’मध्ये, म्हणजे औषधाचा असर असताना, कंप गेला तरी डिस्कायनेसिया (औषधामुळे आपोआप होणारी हालचाल) येऊ शकतो, म्हणजे पुन्हा हालचाल. ईएमजी काढू नका.

एन-२० उशिरा आली तर मेंदूला दोष देण्याआधी गळ्याच्या हाडावरची, संदेश मेंदूत पोचण्याआधीची एन-९ तपासा. तीही उशिरा असेल तर हात गार आहे किंवा नसच मंद आहे.