विदर्भातल्या गावात कला महोत्सव भरवताय? या चुका टाळा

पोरं नागपूर-पुण्याला गेली, घरांना कुलपं लागली. अशा गावात कला महोत्सव घ्यायचा म्हटलं की जपानच्या एचिगो-त्सुमारी कला महोत्सवाचं नाव निघतंच. निइगाता प्रांतातल्या ओस पडत चाललेल्या बर्फाळ डोंगरी खेड्यांत तो २००० साली सुरू झाला. त्याच्याकडून जरूर शिका, पण नक्कल करू नका.

तारखा उचलणं. तिथला पहिला महोत्सव जुलै ते सप्टेंबर भरला. आपल्याकडे तेव्हा भंडारा-गडचिरोलीत धानाची रोवणी आणि यवतमाळात कपाशीचं निंदण. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात कोण फिरणार? झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, रात्रभर नाटकं रंगतात. त्यांच्याशी स्पर्धा नको, त्यांच्याच दिवसांत जागा मागा. बाहेर गेलेली पोरं आणि सासरच्या लेकी मंडईला घरी येतात. एवढा जिव्हाळ्याचा प्रेक्षक जाहिरातीने मिळत नाही.

आधी कलाकृती, मग गाव. सगळ्यात महाग पडते ती ही चूक. शिल्प मुंबईत घडतं, ट्रकमधून उतरतं आणि गावकरी खुर्च्या मांडतात. एचिगो-त्सुमारीत इल्या व एमिलिया काबाकोव्ह या कलाकार दांपत्याने उतारावरच्या भातखाचरांतच नांगरणी, पेरणी, कापणी करणाऱ्या माणसांच्या आकृत्या उभ्या केल्या. समोरून पाहिलं की शेतकामावरच्या कवितेच्या ओळी त्या आकृत्यांसोबत वाचता येतात. तरीही महोत्सवाचे संचालक फ्राम कितागावा यांना सुरुवातीला कडाडून विरोध झाला आणि गावोगावच्या बैठकांत वर्षं गेली. तो वेळ आपल्यालाही द्यावा लागेल. सरपंचाची सही म्हणजे गावाची संमती नव्हे. ज्याच्या बांधावर काम उभं राहणार त्याला विचारा, त्या वाटेने रोज पाणी आणणाऱ्या बायांना विचारा.

गावकरी फिरकतच नसतील तर कामं कोणाला दिलीत ते तपासा. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे, बुरूड, कुंभार यांना कलाकार म्हणून बोलवा. पूर्ण मेहनताना द्या आणि फलकावर त्यांचं नाव लिहा. जेवणाचा ठेका शहरातल्या केटररला गेला असेल तर तो बचत गटाकडे वळवा.

समारोपानंतरचा खर्च न धरणं. एका पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघतात, बांबूला कीड लागते. एचिगो-त्सुमारीत बंद पडलेल्या एका शाळेत २००९ पासून ताशिमा सेइझो यांचं चित्रपुस्तकांचं संग्रहालय चालतं, कारण तिथे महोत्सव संपल्यावरही माणसं कामाला असतात. तुम्ही जिल्हा परिषदेची रिकामी शाळा मागणार असाल, तर किल्ली कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल आणि डागडुजीचे पैसे कुठून येतील, हे उद्घाटनाआधीच ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.