सीपॅपच्या नळीत पाणी साचतंय? आधी एसीकडे बघा

मध्यरात्री नळीत गुडगुड सुरू होते, मास्कमध्ये थेंब जमतात आणि गार पाणी नाकावर ओघळलं की झोपलेला माणूस दचकून उठतो. या एका त्रासापायी सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून ठरावीक दाबानं हवा देणारं मशीन, कपाटात ठेवून देणारे लोक माझ्या माहितीत आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मशीन बिघडलेलं नसतं. गोव्यात, डिचोलीतल्या आमच्या घरी ह्यांचं मशीन मीच सांभाळते, त्या अनुभवावरून सांगते.

मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागात, टाकीतलं पाणी तापतं आणि हवा उबदार, ओलसर होऊन सहाएक फुटांच्या नळीतून नाकापर्यंत येते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांच्या हवेत २२ ग्रॅमसुद्धा मावत नाही. म्हणजे वाटेत हवा निवली की जास्तीची वाफ पाणी होऊन नळीतच उतरणार. गार कोकम सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो, तोच इथे आतून सुटतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा अशी की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. नुसत्या पंख्यावर झोपणाऱ्याला तेव्हा ह्युमिडिफायर फारसा लागत नाही; अगदी कमी ठेवा, नाक कोरडं पडत नसेल तर बंद ठेवलात तरी चालतं. एसी लावला की गणित फिरतं. एसी खोलीतला ओलावा ओढून घेतो, घसा सुकतो, म्हणून आपण ह्युमिडिफायर वाढवतो. आणि नळी तर त्याच गार खोलीत पडलेली. पावसाळ्यात सगळ्यात जास्त पाणी साचतं ते अशा बंद, थंड केलेल्या खोल्यांमध्ये. तेव्हा पहिला उपाय एसीचाच. २२ वरून २६ किंवा २७ वर आणा, आणि पाती अशी वळवा की झोत बिछान्यावर येणार नाही. मास्कच्या आत येणारे थेंब पुष्कळदा या झोताचेच असतात. श्वासातली वाफ गार प्लास्टिकला लागते, दुसरं काही नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर ह्युमिडिफायर एक पायरी खाली आणा. एकच. दोन-तीन रात्री बघा, मग पुढची. एकदम शून्यावर नेलात तर सकाळी नाक चोंदलेलं, घशाला कोरड, आणि दोष पुन्हा मशीनला.

आता नळी कशी ठेवायची, ते नीट बघा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. मशीन डोक्यापेक्षा खाली हवं: गादीच्या उंचीहून बुटक्या स्टुलावर. उशीशेजारच्या उंच कपाटावर ठेवलंत तर नळीतलं सगळं पाणी उतारानं मास्ककडेच धावणार. नळीला मध्ये झोळ पडू देऊ नका. गुडगुड होते ती त्या झोळात साचलेल्या पाण्यातून हवा जाताना. आमच्या पलंगाला मच्छरदाणीची दांडी आहे. तिला डोक्याच्या बाजूला कापडाची सैल पट्टी बांधून नळी त्यातून घेतली आहे. नळीचा सगळ्यात उंच भाग चेहऱ्याच्या जवळ येतो आणि तिथून मशीनपर्यंत सरळ उतार मिळतो. पट्टी दांडीच्या मधोमध नको, नाहीतर अर्धं पाणी मास्कच्या बाजूला उतरेल.

नळीला पांघरूणही घाला. जुन्या शालीची लांब पट्टी कापून, नळीच्या जाडीपेक्षा बोटभर सैल अशी शिवली की झालं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे नळी सरकवताना अडकत नाही. मास्कवरची बारीक छिद्रं मात्र कधीही झाकायची नाहीत. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. खर्च परवडत असेल तर तारेनं तापणारी नळी मिळते, ती आपल्या मॉडेलला बसते का हे विचारूनच घ्या. एसीशिवाय झोप येत नाही अशांना मी तीच सुचवीन.

रात्री पाणी साचलंच तर मशीन थांबवून नळी दोन्हीकडून काढा आणि न्हाणीघरात झटका. मशीनला लावलेली असताना उलटीसुलटी करू नका. पाणी भरलेली टाकी आत ठेवून मशीन उचलू किंवा तिरकं करूही नका, पाणी मशीनच्या आतल्या पंख्याकडे जातं.

सकाळी टाकी ओतून कोरडी करा, रोज नवं डिस्टिल्ड वॉटर. मेडिकलमध्ये मिळतं, गाडीच्या बॅटरीसाठीचं पाणी यात घालू नका. नळी सावलीत, दोन्ही टोकं खाली सोडून लटकवा. श्रावणात ती दिवसभरातही वाळत नाही, तेव्हा रिकामी टाकी लावून, ह्युमिडिफायर बंद ठेवून, दहा-पंधरा मिनिटं नुसती हवा सोडावी. मास्क चेहऱ्यावर नसला की काही मशीनं आपोआप थांबतात. ती सोय सेटिंगमधून तेवढ्यापुरती बंद करता येते. ओल्या नळीला कुबट वास धरला तर साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, आणि तरी जात नसेल तर बदलाच.

पाण्याच्या त्रासावरून प्रेशरच्या आकड्याला मात्र हात लावू नका. तो डॉक्टरांनी ठरवून दिलेला असतो. वरचं सगळं करूनही थेंब येत राहिले, तर मशीन आणि मास्क दोन्ही घेऊन त्यांच्याकडेच जा.