संघात सगळ्यात मोलाचा खेळाडू कोण? हा वाद नीट कसा घालावा

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडं पहाटे नाहीतर सकाळी दिसतात. त्यामुळं कोल्हापुरात बास्केटबॉलचा वाद संध्याकाळपर्यंत चांगला मुरलेला असतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन आमच्यातला एकजण सुरुवात करतो, "भावा, वॉरियर्सचा खरा आधार ड्रेमंड ग्रीन. करी नुसता शूटर." वॉरियर्स हा एनबीएतला संघ, ग्रीन आणि करी दोघंही त्यातलेच. मग तासभर आवाज चढत जातो. मला हा वाद मनापासून आवडतो. पण बऱ्याचदा भांडणारे दोघं दोन वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देत असतात. भांडून भांडून आम्ही जी रीत बसवली, ती इथं सांगतो. उदाहरण तेच, स्टीफन करी की ड्रेमंड ग्रीन.

१. आधी प्रश्न ठरवा

"सगळ्यात भारी कोण" आणि "कुणावाचून संघाचं अडतं" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. खासबागच्या आखाड्यात एकास एक लढत असते, तिथं हा घोळच होत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघात अकरा जण असतात, तिथं एकाचा वाटा मोजणं अवघड. बास्केटबॉल मध्येच कुठंतरी बसतो. मैदानात पाचच खेळाडू, म्हणून एकट्याचा प्रभाव प्रचंड. तरी एकट्यानं काम भागत नाही.

१९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेननं सामन्यामागं ५०.४ गुण केले. आजवर त्याच्या जवळपासही कुणी गेलेलं नाही. तरी त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू, ठरला बिल रसेल, ज्याची सरासरी १९ गुणांच्या आतच होती. मतं तेव्हा खेळाडूच देत असत. ज्यांना त्या दोघांसमोर उभं राहावं लागायचं, त्यांनी रसेलचा बचाव आणि त्याचे रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) जास्त जड मानले. हे उदाहरण मी प्रत्येक वादात आधी सांगतो, म्हणजे नुसता गुणांचा तक्ता पुढं करणारा जरा थांबतो.

आजचा एमव्हीपी पुरस्कार पत्रकार आणि समालोचक निवडतात, तोही सगळ्या लीगमधून, आणि २०२३-२४ पासून त्यासाठी साधारण ६५ सामने खेळलेलं असावं लागतं. आपल्या प्रश्नाला तो फारसा उपयोगी नाही.

२. चेंडूवरची नजर काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच बहुतेकजण गाळतात. एक क्वार्टर, म्हणजे १२ मिनिटं, फक्त एकाच खेळाडूकडं बघा. चेंडू कुठंही असो.

करीकडं असं बघितलं की कळतं, चेंडू हातात नसतानाही तो थांबत नाही. एका स्क्रीनमागून, म्हणजे बचाववाल्याची वाट अडवून उभ्या सहकाऱ्यामागून, दुसऱ्या स्क्रीनकडं पळत राहतो आणि बचाव करणारे दोघं त्याच्या मागं ओढले जातात. ते दोघं ओढले गेले की बास्केटखालची जागा मोकळी होते. तिथं सोपे दोन गुण करणाऱ्याचं नाव तक्त्यात लागतं. करीच्या नावावर तेव्हा काहीच चढत नाही.

पुढचं क्वार्टर ग्रीनकडं बघा. करीवर दोघं धावून गेले की करी चेंडू ग्रीनकडं सोडतो. आता ग्रीनसमोर चारास तीन असा खेळ असतो, आणि कुणाला पास द्यायचा हे त्याला क्षणात ठरवायचं असतं. ते तो फार अचूक ठरवतो. दुसऱ्या टोकाला साडेसहा फुटांचा हा गडी त्याच्याहून उंच सेंटरना, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्यांना, अडवतो, शिवाय ओरडून बाकी चौघांना जागेवर उभं करतो. २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला होता. त्यामुळं आमच्या मित्राचं म्हणणं पोकळ नाही, हे आधी मान्य करा. पण चारास तीन ही संधी तयार कुणामुळं झाली, हेही त्याला विचारा.

३. तो बाकावर बसला की काय होतं?

तक्त्यात प्लस-मायनस नावाचा रकाना असतो. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघानं केलेल्या गुणांतून समोरच्याचे गुण वजा करायचे. समजा संघ ६ गुणांनी जिंकला. आपला खेळाडू ३६ मिनिटं खेळला आणि त्याचा आकडा अधिक १६ आला. म्हणजे उरलेल्या १२ मिनिटांत संघ १० गुणांनी मागं पडला.

एका सामन्याच्या आकड्यावर मात्र पैज लावू नका. आणि करी-ग्रीन बराच वेळ एकत्रच खेळतात, म्हणून दोघांचे आकडे जुळ्या भावांसारखे दिसतात. खरी मिनिटं ती, ज्यात एक आत आहे आणि दुसरा बाकावर. एक हंगामभर तेवढीच बघा.

४. "तो नव्हता तेव्हा" हा पुरावा जपून वापरा

मायकल जॉर्डन असताना १९९२-९३ मध्ये शिकागो बुल्सनी ५७ सामने जिंकले. तो निवृत्त झाल्यावर पुढच्या हंगामात ५५. म्हणजे त्याची किंमत दोन सामने? नाही. स्कॉटी पिपेन होता, प्रशिक्षक आणि पद्धत तीच होती, टोनी कुकोच नवा आला होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, मात्र तो संघ दुसऱ्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हरला.

आमच्या वादातही दोन्ही बाजूंना असा पुरावा आहे. २०१६ च्या अंतिम मालिकेत वॉरियर्स ३-१ ने पुढं होते. पाचव्या सामन्यासाठी ग्रीन निलंबित होता, संघ ११२-९७ ने हरला आणि शेवटी मालिकाही गेली. पण त्याच सामन्यात त्यांचा सेंटर अँड्र्यू बोगटही जखमी झाला होता. २०१९-२० मध्ये करीचा हात मोडला, तो पाचच सामने खेळला. ग्रीन ४३ खेळला. संघानं १५ जिंकले, ५० हरले. इथंही घाई नको, कारण क्ले थॉम्पसन पूर्ण हंगाम जखमी होता आणि केव्हिन ड्युरँट संघ सोडून गेला होता. प्रत्येक वेळी विचारा, आणखी कोण नव्हतं?

५. आपलं मत कशानं बदलेल, ते आधीच सांगा

हे बोलून टाकलं की वाद पुढं सरकतो. मी करीच्या बाजूचा. करी बाकावर असताना ग्रीनच्या जोरावर वॉरियर्स हंगामभर आघाडी टिकवत असल्याचं दिसलं, तर मी त्याच कट्ट्यावर, सगळ्यांसमोर, माझा शब्द मागं घेईन. मित्रालाही मी हेच विचारलं. तो पेला खाली ठेवून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या सकाळी घरी ये, एकत्रच बघू."