माइक घेण्याआधी गाणाऱ्याच्या पाठीमागे बघा

भजनी मंडळातली माणसं मला विचारतात, "कुठला माइक घेऊ?" मी त्यांना उलट विचारतो, गाणाऱ्याच्या पाठीमागे काय असणार आहे? माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजेच त्याच्या पाठीमागे जे काही आहे त्याकडेही असतं. हे एकदा ध्यानात आलं की अर्धी निवड तिथेच होते.

सप्ताहातलं वारकरी कीर्तन घ्या. महाराज पुढे, मागे ओळीने टाळकरी, बाजूला मृदंग. गाण्याचे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं सगळ्यात जास्त घेतात आणि स्वतःच्या पाठीमागचं सगळ्यात कमी. पण टाळ माइकच्या पाठीमागे नाहीत, थेट समोर आहेत. त्यामुळे महागडा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माइक, लावला तर टाळांची धार आणखी स्वच्छ ऐकू येते आणि महाराजांचे शब्द हरवतात. इथे उपयोगी पडतं ते फक्त अंतर. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की माइकमध्ये आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, टाळ मात्र होते तेवढेच राहतात.

म्हणून जवळून बोललेलं सोसणारा, कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील असा डायनॅमिक माइक घ्या. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही मी मंडळांना तोच पहिल्यांदा सुचवतो. माइक ओठांशी आला की खर्ज फुगतो. या माइकचा खर्ज मुळातच थोडा उतरता ठेवलेला आहे, त्यामुळे आवाज घोगरा होत नाही. वरच्या बाजूला तो साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, आणि टाळांच्या गजरात ते मला फायद्याचंच वाटतं. स्टँड जरा खाली घेऊन माइक हनुवटीखालून वर रोखा. नेम टाळकऱ्यांच्या डोक्यावरून जातो आणि 'पांडुरंग'मधला प, 'भक्ती'मधला भ फट्कन फुटत नाही. महाराज फिरते असतील तर गालाशी बसणारा हेडसेट घ्या. उपरण्याला लावायचा कॉलर माइक मी कीर्तनात कधीच देत नाही. तो तोंडापासून लांब, बहुधा चारी बाजूंचं ऐकणारा, आणि आवाज वाढवला की शिट्टी ठरलेलीच.

मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर. त्याची जागा माइक बघून ठरवा. कार्डिऑइड असेल तर मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे. सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचं आणखी अरुंद कोनातून घेणारा माइक, मात्र थेट मागचंही थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा तिरकी, समोरून मोजलं तर सुमारे १२५ अंशांवर असते. मंडळाने नवा सुपरकार्डिऑइड आणला आणि मॉनिटर जुन्याच जागी ठेवला, की लोक माइकला नावं ठेवतात. आणि गाणाऱ्याला कळकळीने सांगा, जाळी मुठीत धरू नका. जाळीमागच्या फटी झाकल्या की माइकला दिशाच उरत नाही.

मृदंग गळ्यात अडकवून उभ्याने वाजतो, वादक पुढे-मागे होतो, म्हणून स्टँडवरचे दोन माइक हुकतात. तिथे क्लिपने बसणारे छोटे कंडेन्सर बरे. पण मिक्सर ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे कंडेन्सरला केबलमधूनच लागणारी वीज, देतो का हे आधी बघा. पेटीला एक डायनॅमिक पुरतो, फक्त तो भात्यासमोर नको, तिथे वारा आणि खटखट येते.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही माझा प्रश्न तोच. खोली रस्त्याकडेची, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येणारी असेल तर कंडेन्सर ते सगळं इमानदारीने टिपेल. अशा खोलीत डायनॅमिक जवळ घेऊन गा. शुअरचा एसएम ७बी लोकांना फार आवडतो, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागतो; स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) तेवढा देताना खरखरतो. खोली खरोखर शांत असेल, तानपुरा लावून गायचं असेल, तर मात्र मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सरच घ्या. रोडचा एनटी १ स्वतःची सळसळ फार कमी करतो, मंद्रातला श्वासही नीट येतो. वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (प-भचा फटका अडवणारी जाळी), पंखा बंद. लोक माइकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात. पैसे वाचवा आणि दोन जाड गोधड्या गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, कारण माइक बघतो ती भिंत ती आहे.

घ्यायला जाताना गाणाऱ्याला सोबत न्या आणि दोन माइक एकाच आवाजाच्या पातळीवर ऐका. मोठा वाजणारा माइक उगाचच चांगला वाटतो. एसएम ५८च्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलासकट घ्या, आणि त्याच बिलात एक चांगली एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची वायर) जास्तीची घालून घ्या.