पानं खाऊ द्या, मग फुलपाखरं येतील

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की लोक आधी फुलझाडं आणतात. मी म्हणते, आधी पानांची झाडं लावा. मध प्यायला फुलपाखरू येतं आणि उडून जातं. ते तुमच्या दारात वस्ती करतं ते मादीला अंडी घालायला झाड मिळालं तरच. मादी त्या बाबतीत फार चोखंदळ असते. अळीला जी पानं चालतात, तेच झाड ती शोधून काढते.

साताऱ्यात माझं अंगण चार पावलांचं, बाकी सगळं गच्चीवर कुंड्यांत. तेवढ्यात काय जमतं ते सांगते.

पहिलं झाड कढीपत्ता किंवा कागदी लिंबू. 14 इंची कुंडी, लाल मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत, आणि दिवसाचं पाच-सहा तास ऊन. लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं घालतात. अंड्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हेही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. आजूबाजूला मोठी झाडी असेल तर तेही येऊ शकतं.

दुसरी रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच. तिच्यावर प्लेन टायगर या फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होतात. मोठं झुडूप उपटून आणू नका, मूळ खोल जातं आणि झाड जगत नाही. बोंड फुटलं की कापूस लागलेल्या बिया गोळा करा आणि पेरा. चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा कोपऱ्यात लावा आणि हात धुवा. रुईवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, हमखास येतो. येऊ द्या, त्याच्या मागे ठिपक्यांचे लाल भुंगेरे येतात आणि त्याला फस्त करतात.

आता मधाची झाडं. यात माझी सगळ्यात लाडकी तुळस. आपण मंजिऱ्या खुडतो, रोप डेरेदार व्हावं म्हणून. वृंदावनातल्या तुळशीच्या खुशाल खुडा, पण एक-दोन रोपं वेगळी लावा आणि त्यांना फुलू द्या. सातेरी, फुलोरी या मधमाश्या, अगदी डासाएवढ्या पोयाच्या मधमाश्याही तिथे दिवसभर दिसतील. पावसाळा सरला की कोरांटी फुलते, थंडीत अडुळसा. या तिघांनी वर्षाचा बराच काळ निभावतो. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, तरी ती लावू नका. ती मूळची अमेरिकेकडची. पाखरं तिची फळं खाऊन बिया दूर टाकतात आणि सह्याद्रीच्या उतारांवर तिचं रान माजतं. आपल्या कुंडीची हौस डोंगराला का भोवावी?

वांग्याचं एखादं रोप मात्र जरूर लावा, एक गोष्ट बघायला मिळते म्हणून. वांग्याच्या फुलात पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतात. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते, आणि पराग भुरभुर खाली पडतात. तो आवाज नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा चढा असतो, सकाळी जवळ उभं राहिलं की कानाला कळतो. सातेरीला हे जमत नाही. भुंगा आणि ही निळ्या पट्ट्यांची माशी पोळं करत नाहीत. माशी मातीत बीळ करते, भुंगा वाळलेल्या बांबूत किंवा लाकडात. म्हणून सगळ्या अंगणाला फरशी घालू नका. हातभर माती उघडी ठेवा आणि दोन-चार बांबूचे तुकडे आडोशाला आडवे बांधा.

उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवा. त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात.

फवारणी कसलीच नको. निमतेलही नको, तेसुद्धा अळ्यांना मारतं. शेजारच्या वहिनी दर पावसाळ्यात कळवळून सांगतात, “अहो, तुमच्या लिंबाला कीड लागलीये, काहीतरी मारा!” मी त्यांना अळी दाखवते. सशक्त झाड महिनाभरात पुन्हा पालवतं. रोप लहानच असेल तर दोन लावा, म्हणजे एकावर ताण येत नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपावर औषध मारलेलं असू शकतं, तेव्हा विचारून घ्या आणि नवी पालवी येईपर्यंत त्यावर अळी सोडू नका.

लागवड मृगाचा पाऊस पडला की करा. छाटणी करताना आधी प्रत्येक फांदी उलटसुलट बघा. लिंबावरचा किंवा कढीपत्त्यावरचा कोष देठासारखाच हिरवा किंवा तपकिरी असतो, बारीक धाग्याच्या पट्ट्याने फांदीला टेकलेला, पटकन दिसत नाही. दिसला तर ती फांदी आठवडा-दोन आठवडे राहू द्या. कापावीच लागली तर कोषासकट कापून सावलीत दोऱ्याने उभी बांधा. पंख पसरायला भोवती मोकळी जागा हवी.