पॉइंट ४५-७० लिव्हर-ॲक्शनसाठी ओतीव गोळीची काडतुसं कशी भरावीत

पॉइंट ४५-७० गव्हर्न्मेंट हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलं. आजही लिव्हर-ॲक्शन रायफलीतून, म्हणजे ट्रिगरखालची दांडी ओढून पुढचं काडतूस भरणाऱ्या रायफलीतून, ते शिकारीसाठी वापरलं जातं. ओतीव शिशाची जड गोळी त्याला फार शोभते, कारण मध्यम वेगातही ती खोल शिरते. पण हे काडतूस एका बाबतीत फसवं आहे: दाब हद्दीबाहेर गेला तरी ते सांगत नाही.

सामी या अमेरिकी प्रमाणसंस्थेने त्याची दाबाची कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ठरवली आहे. आधुनिक बोल्ट-ॲक्शन काडतुसांपैकी अनेकांची मर्यादा ६०,००० च्या घरात असते. तिथे प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) चपटा होणं, बोल्ट जड उघडणं अशा खुणा बघायची सवय लागते. इथे त्या खुणा दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणून ‘केस (काडतुसाचं पितळी कवच) छान निघाली, अजून थोडी पावडर चालेल’ हा विचार या रायफलीपुरता मनातून काढून टाका. पुस्तकात दिलेली कमाल मात्रा हीच कमाल.

काडतुसं स्वतः भरायला तुमच्या देशात परवाना लागतो का, हे सुरुवातीलाच पाहा. मग पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचं चालू आवृत्तीचं लोडिंग मॅन्युअल घ्या. त्यात ४५-७० साठी बहुधा तीन तक्ते असतात: जुन्या ट्रॅपडोर रायफलींसाठी, आधुनिक लिव्हर-ॲक्शनसाठी आणि रुगर नंबर १ सारख्या मजबूत सिंगल-शॉटसाठी. काडतूस तिन्हींत सारखंच बसतं, म्हणून चुकीचा तक्ता उघडण्याचा धोका खरा आहे. १८८६ ची विंचेस्टर किंवा तिच्या काळातली दुसरी रायफल असेल, तर ती आधी जाणत्या गनस्मिथला दाखवा आणि तो सांगेल तोच तक्ता वापरा.

आता नळीचं माप. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा आणि नळीत तेलाचा हात फिरवा. मऊ शुद्ध शिशाचा, नळीपेक्षा किंचित जाड तुकडा लाकडी किंवा पितळी दांड्याने हळूहळू आरपार ढकला. त्यावर उठलेल्या खाचांचा सर्वांत मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजा. गोळी त्याहून इंचाच्या एक ते दोन हजारांशाने जाड हवी. नळीत शिसं चिकटलं की लोक मिश्रधातूला दोष देतात. माझ्या मते आधी व्यास तपासावा. गोळी बारीक असेल तर कडेने गरम वायू निसटतो आणि शिसं वितळवून नळीला फासतो.

मिश्रधातू फार कठीणही नको, कारण ठिसूळ गोळी हाडावर फुटू शकते. शिकारीच्या मध्यम वेगाला ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर १० ते १५ च्या आसपासचा कडकपणा पुरतो. वेग वाढवायचा असेल तर तळाला तांब्याची गॅस चेक (गरम वायूपासून तळ वाचवणारी छोटी टोपी) बसणारी गोळी ओतणारा साचा घ्या. ओतताना हवा खेळती ठेवा, डोळे आणि हात झाका, वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही येऊ देऊ नका. नंतर हात साबणाने धुवा.

गोळीचं टोक सपाटच हवं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेलं असतं. टोकदार, कडक गोळी धक्क्याने तो प्रायमर पेटवू शकते.

केस साफ करून साइझ करा, म्हणजे डायमध्ये दाबून मूळ मापाला आणा, आणि लांबी मोजा, कमाल २.१०५ इंच. तोंड किंचित घंटेसारखं उघडा, नाहीतर गोळी बसताना शिसं खरवडलं जातं. मग पावडर आणि प्रायमर न घालता एक नकली काडतूस बनवा, क्रिम्प (केसच्या तोंडाची आत वळवलेली कड) गोळीवरच्या खाचेत घट्ट दाबा आणि ते लिव्हरने चालवून पाहा. अडकत असेल तर पुढे जाऊ नका, साचा बदला.

पावडर भरताना टेबलावर एकच डबा ठेवा. मोठ्या केसमध्ये जलद पावडर तळाशी थोडीशीच दिसते आणि दुप्पट मात्राही सहज मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये दिव्याच्या उजेडात डोकावा. सुरुवात मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मात्रेपासूनच. त्याखालीही स्वतःच्या मनाने जाऊ नका. गोळीचं वजन आणि आकार तक्त्याशी जुळायलाच हवेत. मग थोडी थोडी मात्रा वाढवा, प्रत्येक टप्प्याची पाच काडतुसं वेगळी नोंदवून ठेवा आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग मोजा. वेग तक्त्यातल्या कमाल आकड्यापर्यंत पोहोचला की, पावडरची मात्रा कमी असली तरी तिथेच थांबा. अचूकता बऱ्याचदा त्याआधीच मिळते.

आवाज कमी किंवा विचित्र आला तर दुसरा बार टाळा. रायफल रिकामी करून नळीत अडकलेली गोळी आहे का ते पाहा.

शेवटची तपासणी क्रिम्पची. दोन काडतुसांची लांबी मोजून ती मॅगझिनमध्ये भरा. एक झाडल्यावर दुसरं बाहेर काढून पुन्हा मोजा. लांबी कमी झाली असेल तर धक्क्याने आणि स्प्रिंगने गोळी आत ढकलली गेली आहे. केसमधली जागा घटली की दाब चढतो, म्हणून क्रिम्प घट्ट केल्याशिवाय ती तुकडी वापरू नका.