सेंट पीटर्सबर्गमधील उन्हाळी मुक्काम : रशियन शिकायला जाणाऱ्यांसाठी

रशियन भाषेच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी सेंट पीटर्सबर्गला निघालेले विद्यार्थी सर्वात आधी थंडीच्या कपड्यांविषयी विचारतात. जून ते ऑगस्ट या काळात एक स्वेटर, पावसाचे जाकीट आणि भिजले तरी चालतील असे बूट एवढ्यावर भागते. खरी तयारी लागते ती कागदपत्रांची आणि पैशांची.

भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, परंतु तो छोट्या सहलीपुरता असतो आणि त्यावर शिक्षण घेता येत नाही. त्यामुळे विद्यापीठाचे निमंत्रणपत्र मागवून शैक्षणिक व्हिसा काढावा लागतो. या पत्राला वेळ लागत असल्याने अर्ज हिवाळ्यातच केलेला बरा. तेथे पोहोचल्यावर कामाच्या सात दिवसांच्या आत निवासाची नोंदणी व्हावी लागते. वसतिगृह किंवा हॉटेल ती स्वतःहून करते, पण खासगी खोली घेतल्यास हे काम घरमालकाचे असते आणि काही घरमालक त्याला चक्क नकार देतात, म्हणून आगाऊ भाडे देण्यापूर्वीच तसे विचारून घ्यावे. मध्येच मॉस्कोला जाऊन हॉटेलात राहिल्यास नवी नोंदणी तेथे होते, तेव्हा परतल्यावर विद्यापीठाच्या कार्यालयाला लगेच कळवावे.

मार्च 2022 पासून परदेशी बँकांची 'व्हिसा' आणि 'मास्टरकार्ड' कंपन्यांची कार्डे रशियात चालत नाहीत. संपूर्ण मुक्कामाचा खर्च डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या नोटांत न्यावा, दोन ठिकाणी विभागून ठेवावा आणि लागेल तसा बँकेत बदलून घ्यावा. हातखर्च सुटावा म्हणून अनोळखी माणसाने सुचवलेले काम धरू नये. अशा कामांच्या आमिषाने काही भारतीय रशियन सैन्याच्या कंत्राटात अडकले असून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार सावध केले आहे. न समजलेल्या रशियन कागदावर सही म्हणजे सहीच, हे विसरू नये.

जूनमध्ये तेथे दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो आणि उरलेल्या वेळातही पुरता अंधार पडत नाही. पहिले काही दिवस याचे मोठे अप्रूप वाटते, पण सकाळी नऊच्या वर्गात डोळे मिटू लागले की जाड पडद्यांची किंमत कळते. पडदे नसतील तर डोळ्यांवरची पट्टी हवीच. उजेड असल्यामुळे रात्रीचा एक वाजला तरी संध्याकाळ असल्यासारखे वाटते, आणि नेमके त्यानंतर नेवा नदीवरचे पूल जहाजांसाठी उघडले जातात. राजवाड्याजवळचा पूल मधोमध दुभंगून वर उचलला जातो, ते दृश्य पाहायला काठावर हजारोंची गर्दी होते. विद्यापीठाची जुनी इमारत आणि कित्येक विद्यार्थ्यांच्या खोल्या नेवा नदीतल्या वासिल्येव्स्की बेटावर आहेत. तेथे राहणाऱ्याने हे दृश्य बेटाच्याच काठावरून पाहावे, कारण मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि पलीकडे अडकल्यास पहाटेपर्यंत थांबावे लागते किंवा टॅक्सीने उंच टोल-रस्त्यावरून लांबचा वळसा घ्यावा लागतो.

उन्हाळ्यातच इमारतीच्या दारावर एक छापील कागद चिकटवलेला दिसेल, त्यावरच्या तारखा टिपून ठेवाव्यात. शहराला गरम पाणी मध्यवर्ती नळयोजनेतून येते आणि तिच्या तपासणीसाठी ते सुमारे दोन आठवडे बंद ठेवतात. नळाचे थंड पाणी मात्र बर्फासारखे असते. पातेल्यात पाणी तापवून बादलीत ओतणे आपल्याकडच्या माणसाला नवे नाही, पण सामायिक न्हाणीघरात बादली असेलच असे नाही, ती आधी घेऊन ठेवावी. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे किंवा विकत आणावे.

जेवणाचे हाल होत नाहीत. साध्या खानावळीत सूप, बकव्हीटचा (कुट्टूचा) भात आणि कोशिंबीर स्वस्तात मिळते, दुकानांत मसूर, हरभरे व पनीरासारखा त्वोरोग सहज मिळतो. तूरडाळ, हिंग आणि गोडा मसाला घरून न्यावा. उकडलेल्या बटाट्यापासून सूपपर्यंत जवळजवळ सगळ्यावर तेथे ताजा शेपू भुरभुरतात, तेव्हा ज्यांना शेपूचा वासही सहन होत नाही त्यांनी तो नको म्हणायला पहिल्याच आठवड्यात शिकावे.